सहावी ‘ब’ मधली शांतता

डोंबिवलीच्या त्या शाळेला भिंती कमी पडत होत्या. गावात नवी बिऱ्हाडं भराभर येत होती, मुलं वाढत होती, आणि संस्थेनं एका जुन्या भाताच्या वखारीला मधे मधे बांबूचे तट्टे ठोकून वर्ग पाडले होते. त्यामुळे सहावी ‘अ’ ला शिकवलेला इतिहास सहावी ‘ब’ ला फुकट ऐकायला मिळे. त्यातून इतिहास शिकवायला त्र्यंबक केळशीकर! त्याच्या तोंडून घोडखिंड सुरू झाली, की पलीकडची मुलंही गणितं सोडून श्वास रोखून बसत.

जून महिन्यातल्या एका सोमवारी मात्र उलटंच झालं. त्र्यंबक फळ्यावर नकाशा काढत होता आणि त्याच्या लक्षात आलं... पलीकडून काहीच ऐकू येत नाही. कुजबुज नाही, बाकांची करकर नाही, कोणी कोणाची पेन्सिल ढापल्याची तक्रार नाही.

‘ब’ ला आजपासून नव्या बाई यायच्या होत्या. आल्या नाहीत वाटतं... पण बाई न आलेला वर्ग गप्प असतो होय? तसा वर्ग गप्प झाला म्हणजे निम्मी मुलं खिडकीतून पसार झालेली असणार!

तो खडू हातात तसाच घेऊन तरातरा निघाला. “काय चाललंय रे?” हे शब्द अगदी ओठांवर होते. दारात पोचला आणि ते तिथेच राहिले.

वर्ग गच्च भरलेला होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले. हात मांडीवर, पाठी सरळ. टेबलामागे एक तरुण बाई बसल्या होत्या, फिकट मोतिया पातळ नेसलेल्या, आणि त्यांचेही डोळे मिटलेलेच. वाऱ्यानं कपाळावर एक बट उडत होती. ती सावरायला हात उठत नव्हता.

त्र्यंबकच्या वहाणा किंचित वाजल्या.

“कोण उभं आहे?” बाई डोळे न उघडताच, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. “खाली बसायचं. मिळेल त्या जागेवर.”

आणि काय झालं कोण जाणे... त्र्यंबक बसला! शेवटच्या बाकावर, लांब पाय कसेबसे दुमडून.

थोड्या वेळानं बाईंनी मुलांना डोळे उघडायला सांगितलं आणि स्वतःचेही उघडले. समोर, शेवटच्या बाकावर, एक सहा फुटी विद्यार्थी टक लावून त्यांच्याकडे पाहत होता.

वर्गात खसखस पिकली.

“आपण...?” बाई उभ्या राहिल्या.

“मी पलीकडचा इतिहास.”

“मग इतिहास इकडे कसा आला?”

“इतकं शांत होतं... म्हटलं, वर्ग पळून गेला असणार.”

“आणि बसलात ते?”

“तुम्हीच बसा म्हणालात की!”

बाईंच्या गालावर हसू येऊ पाहत होतं. त्यांनी ते फळा पुसायच्या निमित्तानं लपवलं. पण फळा कोराच होता, हे सगळ्या वर्गानं पाहिलं. त्र्यंबकनंही.

त्यांचं नाव प्रमोदिनी टिपणीस. वडील ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार. प्रमोदिनी मुंबईला बी. टी. होऊन आली होती आणि डोंबिवलीला आपल्या सुमतीमावशीकडे राहत होती.

मधल्या सुट्टीत धाकू शिपायानं चहा आणला, तेव्हा त्र्यंबक समोरच्या खुर्चीवर येऊन बसला.

“रोज करणार आहात हे?”

“रोज. पहिल्या तासाच्या सुरुवातीला. हेडमास्तरांना विचारलंय मी.”

“पण मुलं करतात तरी काय, डोळे मिटून?”

“श्वास आत येतो तो बघतात. बाहेर जातो तो बघतात. मन पळालं की परत आणतात.”

“म्हणजे ध्यानधारणा. आता मुलं जटा वाढवणार!”

“जटा नाही हो,” ती हसली. “पण तुम्ही ओरडून सांगितलेलं वर्षभर लक्षात राहावं, इतकं मन जागेवर यायला काय हरकत आहे?” मग कपात बघत म्हणाली, “तुमचे डोळे मात्र उघडेच होते.”

“तुम्हाला काय ठाऊक? तुमचे तर मिटलेले होते.”

“नुकते उघडलेले डोळे निराळे असतात. जरा ओले, जरा बावळट.”

“आणि माझे कसे होते?”

“आगाऊ,” ती म्हणाली आणि चटकन उठून गेली.

प्रमोदिनीला ही गोष्ट कोणत्या पुस्तकानं शिकवली नव्हती. बी. टी.च्या वर्षात सरावाचा पहिला पाठ घ्यायला ती एका शाळेत उभी राहिली होती आणि आवाजच फुटेना. घसा कोरडा, तळवे ओले, समोर पोरांचा समुद्र. त्या शाळेत आवडाबाई नावाच्या जुन्या शिक्षिका होत्या. त्यांनी तिला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. “देवाचं नाव घ्यायचं असेल तर घे, नको असेल तर राहू दे,” त्या म्हणाल्या. “नुसता श्वास बघ. तो कुठं पळून जात नाही.” प्रमोदिनी त्या बाकावर रोज बसू लागली. हळूहळू आवाज परतला. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं, आपल्याला जे इतक्या उशिरा मिळालं ते आपल्या मुलांना लवकर द्यायचं.

आणि मुलांना ते आवडलं! पहिल्या दिवसाची नवलाई ओसरल्यावर आठवडाभर चिमटे, खोकले, उगाचच्या उचक्या झाल्या. मग गंमत सुरू झाली. डोळे उघडले की प्रमोदिनी विचारायची, “आज काय काय ऐकलंत?” कोणी सांगे, लांबच्या मालगाडीची शिट्टी. कोणी सांगे, कौलावरून खार गेली. पोपट नावाचा एक खोडकर मुलगा एक दिवस म्हणाला, “बाई, माझ्या पोटात काहीतरी बोलत होतं.” सगळे हसले. प्रमोदिनी म्हणाली, “बरोबर आहे. डबा आणला नाहीस ना आज?” आणि तिनं आपल्या डब्यातली पोळी त्याला दिली.

पलीकडच्या वर्गातही काहीतरी बदललं होतं. पहिल्या तासाला घोडखिंड हल्ली कुजबुजत लढवली जाई. ‘अ’ मधल्या एका मुलानं काळजीनं विचारलंच, “सर, घसा बसलाय का तुमचा?”

“नाही रे. पलीकडे शांतता चालू आहे.”

तट्ट्याच्या अलीकडे, मिटल्या डोळ्यांनी, प्रमोदिनीनं ते ऐकलं. त्या दिवशी तिचं मन श्वासावरून पळालं ते पळालंच. परत आणायला ती गेलीही नाही.

शाळा सुटल्यावर दोघं रेल्वेच्या फाटकापर्यंत बरोबर चालू लागली. तिथून ती मावशीकडे वळे आणि तो कल्याणला, आईकडे जायला स्टेशनात शिरे. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती. पावसानं ती भरून वाहत असत आणि बांधावरून चालताना एकाला मागे राहावं लागे. त्र्यंबक मागे राही.

“पुढे व्हा ना,” ती म्हणे.

“नको. तुम्ही घसरलात तर?”

“आणि तुम्ही घसरलात तर?”

“मी तर कधीच...” म्हणून तो थांबे, आणि बेडकांचा आवाज फार मोठा होई.

एकदा तिनं विचारलं, “एक दिवस खरंच या ना बसायला. डोळे मिटून.”

“मी गप्प बसलो तर गावाला काळजी वाटेल हो.”

“गंमत नाही. खरंच.”

तो हसला. पण हसू ओठांवर होतं, डोळ्यांत नव्हतं. “मला नाही जमायचं ते, बाई,” एवढंच म्हणाला आणि फाटकापर्यंत दुसरं काही बोलला नाही. प्रमोदिनीला वाटलं, ह्यांना आपली थट्टा करायला आवडते, पण आपल्या कामावर ह्यांचा विश्वास नाही. तिला ते लागलं. का लागावं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

भाद्रपदात वर्गात एक नवी मुलगी आली. शीला. बारीक, सावळी, मोठ्या डोळ्यांची. आपल्या विमलाआत्याकडे राहायला आली होती. सगळे डोळे मिटून बसले की ही खिडकीबाहेर बघत राही. प्रमोदिनीच्या ते ध्यानात आलं होतं. तिला वाटलं, नवी आहे, होईल सवय.

तोवर सहावी ‘ब’ ची कीर्ती ठाण्यापर्यंत गेली होती. शिक्षण खात्यातले एक साहेब वर्ग बघायला येणार असं ठरलं. हेडमास्तर वैशंपायन एरवी कशालाच ‘बरं’ म्हणायचे नाहीत, पण तेही दारात येऊन म्हणाले, “टिपणीसबाई, शाळेचं नाव होऊ द्या.”

साहेब आले. खुर्चीत बसले. वर्गानं डोळे मिटले. सगळ्यांनी... एक शीला सोडून.

प्रमोदिनीनं पाहिलं. साहेबांनी पाहिलेलंही तिनं पाहिलं. इतक्या सुरेख, एकसारख्या मिटलेल्या डोळ्यांत ते दोन उघडे डोळे तिला खुपले.

“शीला,” ती गोड आवाजात म्हणाली, “डोळे मीट बाळ. घट्ट.”

शीलानं मिटले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बाक थरथरल्यासारखा वाजू लागला. प्रमोदिनीनं डोळे उघडले तेव्हा शीलाचे ओठ पांढरे पडले होते. ती किंचाळली, सगळ्या वखारीभर ऐकू जाईल अशी, आणि बाकावरून खाली कोसळली.

साहेब उठले, हेडमास्तर धावले, कोणी पाणी आणा म्हणालं, कोणी कांदा आणा म्हणालं. प्रमोदिनी जागच्या जागी थिजून उभी होती. त्या गर्दीतून त्र्यंबक आत शिरला आणि शीलाला हात न लावता शेजारी जमिनीवर बसला.

“शीला, डोळे उघड. माझ्याकडे नको बघूस. ती खिडकी बघ. बाहेर काय आहे?”

शीलाचे दात वाजत होते. “चिंच...”

“चिंचेवर?”

“का... कावळा.”

“काय करतोय?”

“चोच घासतोय.”

“तुझ्या हाताखाली काय आहे?”

“फरशी.”

“कशी आहे?”

“गार,” शीला म्हणाली, आणि रडू लागली. तेव्हा कुठे त्र्यंबकनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची स्वतःची नजरही त्या खिडकीवरून हलली नव्हती. प्रमोदिनीला ते दिसलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर संस्थेचे चिटणीस, हेडमास्तर आणि चारदोन सभासद बसले. शीलाची आत्या विमलाबाई पदर घट्ट खोचून उभ्या होत्या.

“माझी भावजय श्रावणात गेली,” त्या म्हणाल्या. “पोरीनं शेवटचं पाहिलं ते आईला उचलून नेताना. डोळे मिटले की तेच दिसतं तिला. घरात दिवा ठेवून झोपतो आम्ही. आणि ह्या बाई म्हणतात, घट्ट मीट!”

प्रमोदिनीला हे ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

“केळशीकर,” चिटणीस वळले, “तुम्ही होता तिथे. तुम्हीच सांगा. चूक झाली की नाही?”

प्रमोदिनीनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांच्या बांधावरच्या वाटा त्या नजरेत होत्या.

“झाली,” तो म्हणाला.

“बास!” चिटणीसांनी टेबलावर हात आपटला. “शाळेत शिकवायचं ते शिकवा. हे डोळे मिटणं आजपासून बंद.”

“साहेब, माझं पुरतं ऐकून...” त्र्यंबक बोलू लागला. पण खुर्च्या सरकल्या होत्या, आणि प्रमोदिनी तर केव्हाच बाहेर पडली होती.

त्यानंतर ती फाटकाकडे एकटी जाऊ लागली. तो मागून येताना दिसला की पावलं उचली. चहाच्या वेळी वर्गातच बसे. त्यानं दोनदा बोलायचा प्रयत्न केला.

“टिपणीसबाई, मला सांगायचं होतं...”

“सांगितलंत की तुम्ही. सगळ्यांसमोर.”

सहावी ‘ब’ आता इतर वर्गांसारखी गजबजलेली होती. पोपटानं एकदा हळूच विचारलं, “बाई, आता आपण ऐकायचं नाही का?” तिनं त्याला पुस्तक उघडायला सांगितलं. खरं सांगायचं तर, चिटणीसांच्या हुकुमाचा तिला राग नव्हता. ‘घट्ट’ हा आपलाच शब्द तिला झोपू देत नव्हता. तो शब्द शीलासाठी नव्हता, साहेबांसाठी होता. आणि ते एकट्या त्र्यंबकला कळलं होतं, म्हणून तर राग त्याच्यावर होता.

शेवटी एका रविवारी सकाळी ती कोपरच्या वाटेवर विमलाबाईंच्या घरी गेली. विमलाबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. प्रमोदिनी उभ्या उभ्याच म्हणाली, “माझं चुकलं. आधी विचारायला हवं होतं. शीलाला तसं सांगायला आले.”

विमलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. “बसा. उन्हातून आलात.”

शीला दाराआडून पुढे आली. प्रमोदिनीनं तिचा हात हातात घेतला. “मी तुला घट्ट मीट म्हणायला नको होतं, बाळ. रागावलीस माझ्यावर?”

शीलानं मान हलवली. “सर म्हणाले, बाईंना माहीत नव्हतं. सर म्हणाले, त्यांनापण डोळे मिटले की भीती वाटते.”

“कोण सर?”

“केळशीकर सर. शाळा सुटल्यावर येतात ना ते. आम्ही इथं बसतो आणि आवाज ऐकतो. डोळे उघडे ठेवून. काल मला मुंगीसुद्धा ऐकू आली!”

“मुंगी कुठली,” विमलाबाई हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तुमच्याबद्दल वाकडं नाही बोलले हो ते. म्हणाले, बाई देतात ते औषध चांगलं आहे, पण सगळ्यांना एकच मात्रा चालत नाही. पोर परवापासून जरा जेवायला लागली आहे.”

प्रमोदिनीनं सूप जवळ ओढलं आणि खाली मान घालून तांदूळ निवडू लागली. बोलली असती तर रडली असती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बांधाच्या तोंडाशी थांबली. भात आता पिवळं पडलं होतं, वाट कोरडी होती, दोघांना शेजारी चालता येईल एवढी. त्र्यंबक आला आणि तिला पाहून थबकला.

“तुम्ही शीलाकडे जाता, ते मला सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

“तुम्ही थांबत कुठे होता?”

“आता थांबलेय.”

ती पुढे झाली नाही, त्याच्या शेजारून चालू लागली. मग तोच बोलू लागला. एरवीचा आवाज नव्हता तो, वर्गातला तर नव्हेच.

“आम्ही कराचीचे. वडील तिथे गोदीत नोकरीला. माझा जन्म तिकडचाच, शाळासुद्धा तिकडचीच, मराठी. फाळणी झाली तरी वडील म्हणायचे, आपलं कोण काय करणार? मग एक दिवस दंगल आमच्या गल्लीत आली. दारं लावून, दिवे मालवून आम्ही आतल्या खोलीत बसलो. आई, वडील, मी, आणि माझी धाकटी बहीण, कुसुम. जिन्यावर पावलं वाजत होती. वडील म्हणाले, डोळे मिटा, श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये...”

तो थांबला. प्रमोदिनी थांबली.

“पावलं निघून गेली. आम्ही वाचलो. पण कुसुमच्या अंगात ताप होता आणि बाहेर डॉक्टर आणायला जायची सोय नव्हती. आगबोटीनं मुंबईला आलो तेव्हा ती नव्हती. वडीलही त्याच वर्षी गेले.” त्यानं एक भाताची लोंबी हातात धरली, तोडली नाही. “तेव्हापासून मी शांत बसू शकत नाही. शांत झालं की मला जिना ऐकू येतो. म्हणून तर सारखा बोलतो, ओरडतो. लोकांना वाटतं, काय हौशी मास्तर आहे!”

“त्या पहिल्या दिवशी...” प्रमोदिनी म्हणाली, “मी तुम्हाला आगाऊ म्हटलं.”

“त्या दिवशी भीतीनंच उघडे ठेवले होते डोळे.” तो किंचित हसला. “नंतर मात्र बघत राहिलो, ते... भीतीनं नाही.”

तिनं खाली पाहिलं. कानांच्या पाळ्या ऊन ऊन झाल्या होत्या.

“तुम्ही ‘झाली’ म्हणालात, ते बरोबर होतं,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “पुढचं काय बोलायचं होतं?”

“हेच की, चूक डोळे मिटायला लावण्यात झाली, शांत बसवण्यात नाही. ते बंद करू नका. माझी अख्खी ‘अ’ तुकडी तुमच्या शांततेमुळे शहाणी झाली हो!”

ती खुदकन हसली. आणि मग, फाटक येईपर्यंत, दोघांनी मिळून सगळं ठरवलं. वर्गात नाही, तर शाळेच्या आधी, चिंचेखाली. ज्याला यायचं त्यानं यावं. डोळे मिटायचे त्यानं मिटावेत, नाही त्यानं पान बघावं, मुंगी बघावी. आणि बसवण्याआधी प्रत्येकाला विचारायचं... बरं वाटतंय ना?

हेडमास्तर काही केल्या ऐकेनात. दोघं त्यांच्यासमोर उभी होती आणि ते मान हलवत होते. “चिटणीसांचा हुकूम आहे. एका पालकाची तक्रार म्हणजे शाळेची अब्रू.”

“तक्रार माझीच होती ना?” दारातून आवाज आला. विमलाबाई! शीलाचा हात धरून उभ्या. “मग मीच सांगते. माझी पोर बसणार. चिटणीसांना सांगा, काही विचारायचं तर मला विचारा.”

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शाळेच्या वेळेआधी पोरं झाडाखाली बसली तर मी काय करणार?” ते म्हणाले. “झाड काही संस्थेचं नाही.”

पहिल्या दिवशी चिंचेखाली मोजकीच मुलं होती. थंडी पडेपर्यंत सावली पुरेना. शीला उघड्या डोळ्यांनी बसे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिनं आपणहून ते मिटले, लगेच उघडले, आणि प्रमोदिनीकडे बघून हसली. प्रमोदिनीनं नुसती मान हलवली. शाबासकी दिली नाही. तेवढं ती आता शिकली होती.

त्र्यंबकही येई. मुलांच्या मागे, झाडाला टेकून बसे, पाचोळ्याकडे बघत. कधी कधी पाचोळ्याकडे न बघता.

संक्रांतीच्या सुमाराला ती ठाण्याला घरी जाऊन आली आणि गप्प गप्प राहू लागली. फाटकाशी त्यानं विचारलंच, “काय झालं?”

“बाबा म्हणतात, ठाण्याच्या शाळेत ये. मोठी शाळा आहे.”

“चांगलं आहे की.” त्याचा आवाज चांगला नव्हता.

“आणि... नौपाड्यातलं एक स्थळही बघून ठेवलंय.”

फाटकवाल्यानं फाटक उघडलं. बैलगाडी गेली, दोन सायकली गेल्या. दोघं तिथेच उभी.

“प्रमोदिनीबाई,” तो म्हणाला, “माझं घरदार तिकडे राहिलं. इथे कल्याणला दोन खोल्या आहेत, आई आहे, आणि माझा हा मोठा आवाज आहे. तरी विचारतो. तुमच्या घरी येऊ? आईला घेऊन?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते, पण ओठ हलले नाहीत. तिचं असंच होई. फार मोलाचं काही आलं की ती आत आत जाई.

“येऊ की नको?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि मान इतकी थोडी हलवली, की दुसऱ्या कोणाला ती वाऱ्यानं हलली असं वाटलं असतं. त्यानं तो होकार धरला. पण घरी जाईपर्यंत त्याच्या मनात धाकधूक होतीच... होकार होता ना तो?

पुढच्या रविवारी तो आईला घेऊन ठाण्याला टिपणीसांच्या घरी गेला. शिरस्तेदारसाहेब कोटाची बटणं लावूनच बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांनी सगळं विचारलं. कराची, वडील, आजोबांचं गाव. त्र्यंबकनं जे होतं ते सांगितलं. कुसुमचंही.

“सरळ मुलगा आहेस,” ते शेवटी म्हणाले. “पण आमच्यात आजवर जातीबाहेर मुलगी दिलेली नाही. शिवाय नौपाड्याच्या मंडळींना मी जवळजवळ शब्द दिलाय.” मग ते दाराशी उभ्या असलेल्या प्रमोदिनीकडे वळले. “हिला मी कालपासून विचारतोय. ही काही बोलत नाही. मुलगी गप्प आहे, याचा अर्थ तिच्या मनात नसावं. तुम्हाला दुखवायचं नाही, म्हणून गप्प.”

त्र्यंबकनं तिच्याकडे पाहिलं. एरवी त्यानं दहा वाक्यं बोलून टाकली असती. आज तो वाट बघत राहिला. त्याच्या आईनं हातातलं पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

प्रमोदिनीचा घसा कोरडा पडला. तळवे ओले झाले. श्वास आत आला, बाहेर गेला. आणि तिला एकदम स्वच्छ कळलं, गप्प बसून जे मिळवायचं ते आपण मिळवलंय. आता बोलायची वेळ आहे.

“मुली,” वडील म्हणाले, “कोर्टात गप्प राहणाऱ्याचं म्हणणं कोणी लिहून घेत नाही.”

“मग घ्या लिहून,” ती म्हणाली. “मला ह्यांच्याशीच लग्न करायचंय. नौपाड्याच्या मंडळींना उद्याच सांगा. मी डोंबिवलीची शाळा सोडणार नाही, आणि ह्यांनाही नाही!”

आवाज चांगलाच चढला होता. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. बाहेरच्या खोलीत सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

शिरस्तेदारांनी मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं आणि आत बघून म्हणाले, “अगं, ऐकलंस का हे?”

“ऐकलं,” स्वयंपाकघरातून प्रमोदिनीची आई म्हणाली. “शेजारच्या दिघ्यांनीसुद्धा ऐकलं. आता त्या नौपाड्याच्या मंडळींकडे कोणत्या तोंडानं जायचं, ते तुम्ही बघा. मी पोह्यांवर खोबरं घालते.”